प्रमाण-वक्र आणि श्रोत्याचा कान

हेडफोनमधून येणारा आवाज जसा घडून आला तसाच ऐकावा, की ऐकणाऱ्याने तो आपल्या कानाला मानवेल असा बदलून घ्यावा, हा प्रश्न वरवर पाहता यंत्रविद्येचा वाटतो. भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने त्यात लक्ष घालण्याचे कारण काय, असे कोणी विचारीलही. परंतु या प्रश्नाभोवती २०१२-१३ पासून जी उपपत्ती उभी राहिली आहे, तिच्या मुळाशी भाषाशास्त्राला चिरपरिचित असलेला एक वाद आहे. तो वाद प्रमाणाचा. पुष्कळांच्या आवडीची सरासरी काढून जे हाती येते त्याला 'प्रमाण' म्हणावे, हे ठीक. पण त्यालाच 'शुद्ध' म्हणावे काय, आणि त्याहून निराळे ते सारे अशुद्ध ठरवावे काय? दादोबा पांडुरंगांचे व्याकरण १८३६ मध्ये प्रसिद्ध झाले तेव्हापासून मराठीत या प्रश्नाची चर्चा होत आली आहे. ध्वनियंत्रांच्या क्षेत्रात ती अद्याप पुरेशी झालेली नाही. त्या उपपत्तीची बलस्थाने आणि मर्यादा तपासणे हा या लेखाचा हेतू होय.

परीक्षणासाठी पिंपरी-चिंचवड आणि चाकण हा उद्योगपट्टा समोर ठेवण्यास दोन कारणे आहेत. ज्या हर्मन कंपनीच्या संशोधकांनी ही उपपत्ती मांडली, तिचाच मोटारींतील ध्वनिसाधने बनविणारा एक कारखाना चाकण येथे आहे. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे. १९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, त्यानंतर वाढत गेलेल्या या पट्ट्यात यंत्रांच्या गोंगाटात आठ-आठ तास काम करणारा आणि पाळी सुटल्यावर कानाला हेडफोन लावून घरी जाणारा एक मोठा श्रोतृवर्ग निर्माण झाला आहे. त्याच्या कानाचा विचार या उपपत्तीत कितपत झाला, हे पाहिल्यावाचून तिचे मूल्यमापन पुरे होणार नाही.

१

आवाज बदलण्याचे मार्ग दोन. पहिला विद्युत्-संस्काराचा, ज्याला इक्वलायझेशन किंवा समकरण म्हणतात: निरनिराळ्या कंपनसंख्यांचे पट्टे कमी-अधिक बलाने वाजवायचे. साध्या समकारकात पट्टे ठरलेले असतात. अधिक सूक्ष्म प्रकारात पट्ट्याचा मध्य, त्याची रुंदी आणि चढ-उतार या तिन्ही गोष्टी ऐकणाऱ्याच्या हाती असतात. दुसरा मार्ग प्रत्यक्ष वस्तूत फेरफार करण्याचा: कानावरची गादी बदलणे, पडद्यापुढे नमद्याचा किंवा स्पंजाचा तुकडा बसविणे, मागची छिद्रे बुजविणे किंवा मोकळी करणे.

हा दुसरा मार्ग आधुनिक छंद आहे असे मानण्याचे कारण नाही. या पट्ट्याच्या कडेलाच देहू आणि आळंदी आहेत. तेथे भजन-कीर्तनात वाजणाऱ्या मृदंगाच्या डाव्या तोंडाला, म्हणजे धुमाला, वादक ओल्या कणकेचा लेप देतो. लेपाचे वजन वाढले की चामड्याचे कंपन मंदावते व स्वर खाली येतो. कणीक सुकली किंवा थोडी काढली की तो वर सरकतो. मिरजेचे कारागीर तंबोऱ्याच्या घोडीचा माथा घासून आणि तार व घोडी यांच्यामध्ये सुताचा दोरा सरकवून जवारी काढतात. त्याने मूळ स्वर बदलत नाही, पण त्यावरचे उपस्वर खुलतात. वस्तुमान, घर्षण आणि स्पर्शाची जागा यांत फेरफार करून नादाचा गुण बदलणे हे जे तत्त्व हेडफोनच्या गादीमागे आहे, तेच कणकेच्या लेपामागे व जवारीच्या दोऱ्यामागे आहे. मात्र एक भेद लक्षात ठेवला पाहिजे. मृदंगी आणि तंबोरा लावणारा हे नाद निर्माण करतात. हेडफोनधारी दुसऱ्याने निर्माण केलेल्या नादाची प्रत ऐकत असतो. म्हणून 'आपल्याला आवडते ते योग्य' हे उत्तर पहिल्याला जितके पुरते तितके दुसऱ्याला पुरत नाही. प्रत मुळाशी कितपत जुळते, हा प्रश्न त्याच्यापुढे उभा राहतोच.

२

तो प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. समोरच्या ध्वनिवर्धकातून निघालेला आवाज पडद्यापर्यंत पोहोचेतो श्रोत्याचे डोके, कानाची पाळी आणि कर्णनलिका यांनी बदललेला असतो. विशेषतः ३००० हर्ट्झच्या आसपास त्याला दहा-पंधरा डेसिबेलचा उठाव मिळतो. हेडफोन कानाला लागूनच असल्यामुळे हा संस्कार त्याला स्वतःच्या रचनेतच भरून द्यावा लागतो. म्हणूनच कर्णपटलाशी मोजल्यावर जो हेडफोन 'सपाट' दिसतो तो ऐकताना मंद व दबका वाटतो. मग उठाव नेमका किती असावा? पूर्वी निनादरहित खोलीतील समोरच्या आवाजाचे मान वापरीत. पुढे सर्व दिशांनी सारख्या येणाऱ्या आवाजाचे मान पुढे आले आणि १९८६ मध्ये गुंथर थाइले यांनी त्याची मांडणी केली.

हर्मन कंपनीतील शॉन ऑलिव्ह आणि टॉड वेल्टी यांनी २०१२ नंतर निराळा मार्ग धरला. चांगल्या खोलीतील चांगले ध्वनिवर्धक ऐकताना कर्णपटलाशी जे पोहोचते ते त्यांनी आधारभूत धरले, आणि त्यावर मंद्र व तार भाग किती ठेवावा हे श्रोत्यांच्या पसंतीवरून ठरविले. त्यातून निघालेला आलेख आज 'हर्मन वक्र' या नावाने जगभर ओळखला जातो. हेडफोन मोजायचा, तो या वक्रापासून कोठे ढळतो ते पाहायचे, आणि तेवढा फरक समकरणाने भरून काढायचा, अशी रीत त्यामुळे रूढ झाली.

या कार्याचे मोल कमी लेखणे अन्यायाचे होईल. त्यापूर्वी 'चांगला आवाज' ही केवळ जाहिरातीची भाषा होती. श्रोत्याला हेडफोनचे नाव व किंमत न कळू देता पसंती विचारणे आणि पसंतीचा संबंध मोजता येणाऱ्या गुणाशी जोडणे, हे दोन्ही शास्त्रीय वृत्तीचे द्योतक आहे. शिवाय निष्कर्षांच्या सीमाही या संशोधकांनी स्वतःच सांगितल्या आहेत. श्रोत्यांचे वर्गीकरण करताना त्यांना आढळले, की सुमारे ६४ टक्के श्रोत्यांना हा वक्र किंवा त्याच्या निकटचा आवाज आवडतो. १५ टक्क्यांना मंद्र भाग याहून अधिक हवा असतो, तर २१ टक्क्यांना कमी. म्हणजे तीनांपैकी एकाहून अधिक श्रोत्यांची आवड वक्राबाहेरची आहे. आक्षेप घ्यावयाचा तो संशोधनावर नव्हे, तर त्याच्या प्रचारात शिरलेल्या अर्थांतरावर. 'बहुसंख्यांना आवडणारा' हा शब्दप्रयोग हळूहळू गळून पडला आणि त्याच्या जागी 'अचूक' हा शब्द आला. वर्णनाचे विधिवाक्य झाले.

मराठीत हे स्थित्यंतर एकदा घडून गेले आहे. विशिष्ट प्रदेशातील विशिष्ट वर्गाची बोली ग्रंथांत व शाळांत प्रचारात आली आणि तिलाच 'शुद्ध' हे विशेषण चिकटले. हे विशेषण तिच्या कोणत्याही आंतरिक गुणामुळे आलेले नाही, हे भाषाशास्त्राने पुढे दाखवून दिले, आणि 'शुद्धलेखन' या शब्दाऐवजी 'प्रमाणलेखन' हा शब्द सुचविला गेला. त्यामुळे प्रमाणाची गरज संपली नाही. फक्त ती गरज व्यवहाराची आहे, पावित्र्याची नाही, एवढे स्पष्ट झाले. ध्वनिवक्राच्या बाबतीतही नेमकी हीच दुरुस्ती हवी आहे.

३

प्रमाण कोणाच्या आधारे ठरले, हा त्यापुढचा प्रश्न. २०१४ मध्ये याच संशोधकांनी वय, अनुभव व संस्कृती यांचा पसंतीवर होणारा परिणाम तपासला. त्यात कॅनडा, अमेरिका, जर्मनी व चीन या चार देशांतील २३८ श्रोते होते. संस्कृतीचा मोठा प्रभाव आढळला नाही, असा निष्कर्ष निघाला. चार देशांपुरता तो स्वीकारण्यास हरकत नाही. परंतु त्यांत भारत नाही, हे विसरता येत नाही. ज्या संगीतात अखंड वाजणारा तंबोरा हीच पार्श्वभूमी असते, ते ऐकण्यात मुरलेल्या कानाची पसंती निराळी निघेल असे गृहीत धरणे चूक ठरेल. पण ती तशीच निघेल, असे गृहीत धरणेही तितकेच चूक होय.

संगीताहून भाषेचा मुद्दा अधिक नेमका आहे. 'जग' हा लिखित शब्द मराठीत दोन प्रकारे उच्चारला जातो: दुनिया या अर्थी तालव्य जकाराने, आणि 'जगणे' या धातूचे आज्ञार्थी रूप म्हणून दंतमूलीय जकाराने. 'जरा' म्हणजे वार्धक्य आणि 'जरा' म्हणजे थोडेसे, यांतही तोच भेद. लिपीत त्याला चिन्ह नाही. १९६२ मध्ये शासनमान्य झालेल्या लेखननियमांनीही ते दिले नाही. हा भेद केवळ कानावर सोपविलेला आहे. तो कानाला कळतो कसा? तालव्य उच्चारातील घर्षणाचा जोर साधारणतः २००० ते ४००० हर्ट्झच्या पट्ट्यात, तर दंतमूलीयातील घर्षणाचा जोर त्याच्या वर, ४००० ते ८००० हर्ट्झच्या भागात असतो. 'साल' आणि 'शाल' यांतील भेदही याच सीमेवर उभा आहे. म्हणजे ज्या प्रदेशात हेडफोनांचे परस्परांशी सर्वांत कमी जुळते आणि समकारकाच्या कळा सर्वांत अधिक फिरविल्या जातात, त्याच प्रदेशात मराठीचा हा अर्थभेदक वर्णभेद वसलेला आहे.

याचा परिणाम दुहेरी होतो. ८००० हर्ट्झजवळ टोक असलेल्या हेडफोनमध्ये सकार टोचू लागतो, आणि वैतागलेला श्रोता तो सबंध भाग रुंद पट्ट्याने खाली ओढतो. तसे केल्याने टोचणे थांबते, पण 'च' आणि 'ज' यांचे दोन्ही उच्चार एकमेकांकडे सरकतात. उलट, हरवलेली स्पष्टता परत आणण्यासाठी तो भाग उचलणारा श्रोता पुष्कळदा जे मुळात नाहीच ते उचलू पाहतो. जुन्या दूरध्वनीचा पट्टा ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच होता. भारतीय भाषा सर्वेक्षणाच्या वेळी १९१३ ते १९२९ या काळात ग्रामोफोनवर घेतलेल्या नमुन्यांतही वरचा भाग फार थोडा उतरला आहे. अशा ध्वनिमुद्रणाचा वरचा पट्टा कितीही उचलला, तरी वाढते ती केवळ खरखर. समकरण असलेल्याला वर-खाली करते; नसलेले निर्माण करीत नाही.

भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याला यातून निघणारा बोध व्यावहारिक आहे. डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्था यांच्या मराठी बोलींच्या सर्वेक्षणासारख्या उपक्रमांमुळे बोलींचे ध्वनिमुद्रित नमुने आता सहज ऐकता येतात. एखाद्या बोलीत तालव्य व दंतमूलीय उच्चारांचा भेद टिकून आहे की लोपला आहे, हे ठरविताना लेखनिकाच्या हेडफोनवर कालच्या गाण्यासाठी केलेले समकरण तसेच राहिले असेल, तर निष्कर्ष बोलीचा नसून समकारकाचा असू शकेल. उच्चारलेखन करताना समकरण काढून टाकावे, निदान कोणत्या साधनावर आणि कोणत्या समकरणाने ऐकले याची नोंद ठेवावी, आणि संशयित स्थळी कानाच्या जोडीला वर्णपटाची साक्ष काढावी, एवढी शिस्त आवश्यक आहे.

४

आता त्या श्रोत्याकडे वळावे, ज्याचा विचार प्रमाण-वक्रात मुळीच आलेला नाही. चाकणला रेल्वे नाही; पुणे-नाशिक महामार्गावरून कामगार कंपनीच्या बसने ये-जा करतो. बसच्या मंद्र घरघरीत गाण्याचा खर्ज बुडतो, म्हणून तो खर्ज उचलतो. दाबयंत्रांच्या शेडमधून नुकताच बाहेर पडलेला असल्यामुळे त्याचा कान तात्पुरता बधिर असतो, म्हणून तो वरचा भागही उचलतो. आणि दोन्ही उचलूनही समाधान झाले नाही, की सबंध आवाज वाढवितो. तेच समकरण रविवारी सकाळी घरी ऐकले तर कर्कश वाटते. हा अनुभव म्हणजे आवडीची चंचलता नव्हे. कानाच्या अवस्थेतील फरकाची ती खूण आहे, आणि तिच्याकडे दुर्लक्ष करणे धोक्याचे आहे.

दीर्घकाळच्या गोंगाटाने येणाऱ्या बहिरेपणाची सुरुवात ३००० ते ६००० हर्ट्झच्या भागात, विशेषेकरून ४००० च्या आसपास होते. हा रोग इतका परिचित आहे, की १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या तिसऱ्या अनुसूचीत सूचनीय रोगांत त्याचा समावेश करण्यात आला होता. वर सांगितलेला वर्णभेदाचा प्रदेश आणि या रोगाचा पहिला आघात होणारा प्रदेश एकच आहे. स्वर ऐकू येतात, बोलणे ऐकू येते, पण शब्द 'उमटत' नाहीत. 'ऐकू येते, कळत नाही' ही तक्रार येथूनच सुरू होते. अशा श्रोत्याला प्रमाण-वक्र दिला, तर तो त्याला बद्दच वाटणार. आणि त्याची आवड 'अशिक्षित' ठरवून त्याला हसणे म्हणजे दुखण्याला अडाणीपणा समजणे होय.

मग त्याने तो पट्टा आपल्या मनाप्रमाणे भरून काढावा काय? येथे श्रवणसहायक यंत्रांचा अनुभव मार्गदर्शक आहे. सॅम्युएल लायबार्गर यांनी १९४४ मध्ये मांडलेला नियम असा, की श्रवणशक्तीत जेवढी घट असेल त्याच्या साधारण निम्माच उठाव द्यावा. ४० डेसिबेलची घट असेल तर उठाव सुमारे २० चा. कारण दुखावलेल्या कानाला हळू आवाज ऐकू येत नसला, तरी मोठा आवाज निरोगी कानाइतकाच मोठा लागतो. पूर्ण भरपाई केली तर मोठे आवाज असह्य होतात आणि उरलेल्या शक्तीचीही हानी होते. केवळ कानाला बरे वाटते म्हणून कळ फिरविणाऱ्याला ही मर्यादा कोठे येते ते कळण्याचा मार्ग नाही.

हिशोबही ताडून पाहावा. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी आठवड्याला ८० डेसिबेल पातळीचे ४० तास ही मर्यादा सुचविली आहे. दर ३ डेसिबेल वाढीला वेळ निम्मा होतो. ८६ डेसिबेलला १० तास, ८९ ला पाच. रोज दोन तास याप्रमाणे सहा दिवस बसमध्ये ऐकणाऱ्याचे बारा तास होतात. म्हणजे ८६ डेसिबेललाच तो मर्यादा ओलांडतो. हाच हिशोब कारखान्यातील गोंगाटाला लावला, तर ८५ डेसिबेलच्या शेडमध्ये कर्णरक्षकाविना काम करणाऱ्याचा आठवड्याचा वाटा साडेबारा तासांतच संपतो. दुसरी पाळी पुरी होण्याआधीच. गाण्यासाठी त्यात काहीच शिल्लक राहत नाही. अशा श्रोत्याला वक्रापेक्षा श्रवणचाचणीचा आलेख अधिक हवा आहे.

या स्थितीत भौतिक फेरफाराचे मोल समकरणाहून अधिक ठरते, ही गोष्ट सहसा ध्यानात घेतली जात नाही. बसच्या घरघरीवर खर्ज चढविण्यापेक्षा घरघर कानात शिरू न देणे चांगले. गादी नीट न बसल्याने, चष्म्याच्या काडीने किंवा केसांनी पडलेल्या फटीतून मंद्र भाग निसटतो. तो समकरणाने भरून काढू गेल्यास पडद्यावर ताण पडतो आणि आवाज फाटतो. फट बुजविली, की तोच खर्ज फुकट परत मिळतो. उलटपक्षी, पडद्यापुढे नमद्याचा तुकडा बसविल्याने वरचा भाग सरसकट मऊ होतो. एखादेच अरुंद टोक खाली आणायचे असेल तर तेथे समकरणच कामाचे. आणि उठाव द्यायचाच असेल, तर सबंध पातळी तेवढीच आधी खाली आणावी. नाहीतर अंकीय संकेताची शिखरे छाटली जातात. ८००० हर्ट्झच्या वर मात्र दुसऱ्याच्या मोजमापावर विसंबू नये. तेथे प्रत्येकाच्या कर्णनलिकेची लांबी आणि पाळीची घडण इतकी निराळी असते, की कृत्रिम कानात दिसलेला खळगा खऱ्या कानात भलतीकडेच असू शकतो.

५

शेवटी परिभाषेचा प्रश्न. या विषयावरील चर्चा मराठी श्रोता उसन्या विशेषणांनी करतो. आवाज 'उबदार' किंवा 'उजळ' म्हणतो, आणि ही विशेषणे कोणत्या पट्ट्याची हे त्यालाच सांगता येत नाही. वस्तुतः मराठीत नादवर्णनाची स्वतःची शब्दसंपत्ती आहे. आवाज घुमतो, घोगरा असतो, नाकातला येतो, खणखणीत वाजतो, चिरका किंवा किनरा होतो, बद्द वाजतो. यांतील 'घुमणे' हे स्थूलमानाने २५० हर्ट्झच्या खालच्या आधिक्याचे, 'नाकातला' हे १००० च्या आसपासच्या फुगवट्याचे, 'चिरका' हे ३००० ते ५००० च्या अतिरेकाचे, तर 'बद्द' हे वरचा भाग हरपल्याचे निदर्शक मानता येईल. ही विभागणी काटेकोर नाही. ती श्रोत्यांच्या साक्षीने तपासली पाहिजे. कारखान्याच्या पट्ट्यातील श्रोते आणि विद्यापीठातील विद्यार्थी यांना तोच नमुना निरनिराळ्या समकरणांनी ऐकवून ते कोणता शब्द वापरतात हे पाहिल्यास शब्दार्थशास्त्र आणि ध्वनिशास्त्र या दोहोंना उपयोगी पडेल अशी सामग्री हाती येईल. ते काम एखाद्या पदव्युत्तर प्रबंधाच्या आवाक्यातले आहे.

एकंदर विवेचनावरून निष्कर्ष असा निघतो. प्रमाण-वक्र हा आरंभबिंदू म्हणून उपयुक्त आहे, कारण आरंभबिंदूवाचून ढळणेही मोजता येत नाही. परंतु तो काही श्रोत्यांच्या, काही देशांतील, निरोगी कानांच्या पसंतीचा सारांश आहे. त्याला शुद्धतेचा निकष मानणे शास्त्राला धरून नाही. मृदंगी कणीक लावतो तेव्हा पट्टीही पाहतो आणि चामड्याची अवस्थाही पाहतो. कालच्या दमट हवेत लावलेला लेप आज तसाच ठेवीत नाही. समकारकाची कळ फिरविणाऱ्यानेही आधी नमुना कोणता, साधन कोणते आणि कान कोणत्या अवस्थेत आहे, हे तीन प्रश्न विचारावेत. पाळी संपवून आलेल्या कामगाराच्या बाबतीत तिसरा प्रश्न पहिला विचारला पाहिजे. कारण नमुना पुन्हा मिळतो, साधन पुन्हा विकत घेता येते, कान मात्र पुन्हा मिळत नाही.